वाण, पेरणीची तारीख, माती: सोयाबीनची चाचणी घ्यायची कशी

माझ्या पहिल्या चाचणीत एक वाण दणक्यात जिंकला होता. शेजारच्या वाणाच्या जवळजवळ दीडपट उतारा. पुढच्या वर्षी वाफ्यांच्या जागा बदलल्या, तर जिंकला दुसराच वाण. जागा मात्र तीच. शेताच्या त्या कोपऱ्यात वरून वाहून आलेला गाळ साचायचा, माती खोल होती, ओल टिकायची. वर्षभर मी वाण तपासतोय असं समजत होतो आणि तपासला होता कोपरा.

शेत कुठेही एकसारखं नसतं. दहा पावलांवर माती बदलते, ओल बदलते, तणांचा साठा बदलतो. म्हणून चाचणीची सगळी खटपट एका कामासाठी असते: शेताने पाडलेला फरक आणि आपण पाडलेला फरक वेगळे करणं. पुढच्या प्रत्येक पायरीमागे हेच आहे.

१. आधी प्रश्न ठरवा

"उत्पादन कसं वाढेल" हा चाचणीचा प्रश्न नाही. "या चार वाणांपैकी माझ्या जमिनीत कोणता जास्त देतो" हा आहे. "पेरणी पंधरा दिवस लांबली तर किती घट येते" हाही आहे. नवखा माणूस सगळंच एकदम विचारायला बघतो. ४ वाण, ३ तारखा, २ उपचार (म्हणजे खत, चुना, जिवाणू असं जमिनीला किंवा बियाण्याला दिलेलं काही) आणि प्रत्येकाच्या ३ पुनरावृत्त्या म्हणजे ७२ वाफे. पहिल्या हंगामात एवढे वाफे पेरून होतात, सांभाळून होत नाहीत. पहिल्या वर्षी फक्त वाण घ्या, नाहीतर फक्त एक उपचार.

वाणांच्या चाचणीत एक ओळखीचा, वर्षानुवर्षं पेरलेला वाण हवाच. त्याला तुलना वाण म्हणतात. नव्या वाणाने हेक्टरी २२ क्विंटल दिले, यावरून काहीच कळत नाही. हंगाम चांगला असेल तर जुन्यानेही २३ दिले असते. उपचारांच्या चाचणीत हेच काम बिनउपचाराचा वाफा करतो.

२. जागा निवडा आणि गट पाडा

मोठा पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशी शेतात फिरा. पाणी कुठे थांबतं, कुठून वाहतं, ते डोळ्यांनी दिसतं. जुन्या खताच्या ढिगाची जागा, झाडाची सावली, गाडीवाट, बांधालगतचा पट्टा एवढं सोडून द्या. आधीचं पीक उभं असेल तर तेही बघून ठेवा. कुठे ते खुरटलं आणि कुठे माजलं, हा शेताचा फुकट मिळालेला नकाशा आहे.

आता उरलेल्या जागेचे तीन किंवा चार गट करा. गट म्हणजे असा पट्टा की ज्याच्या आत माती शक्य तितकी सारखी असेल. उतार असेल तर गट उताराला आडवे पडतात: एक वरच्या अंगाला, एक मध्ये, एक खाली. प्रत्येक गटात सगळे वाण एकेकदा यायला हवेत. मग वरची हलकी माती सगळ्यांच्या वाट्याला येते, खालची भारीही सगळ्यांच्या.

गटाच्या आत कोणता वाण कुठे, हे स्वतः ठरवू नका. चिठ्ठ्या टाका, आणि प्रत्येक गटासाठी नव्याने टाका. आपला हात नकळत आवडत्या वाणाला चांगल्या जागेकडे नेतो. रोनाल्ड फिशर १९१९मध्ये इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड संशोधन केंद्रात रुजू झाले आणि तिथे त्यांनी शेतीच्या प्रयोगांना जी शिस्त लावली, तिच्या मुळाशी या तीन गोष्टी आहेत: पुनरावृत्ती, गट आणि चिठ्ठी. संगणक आले, ड्रोन आले, त्या तिघी काही हलल्या नाहीत.

नकाशा दोन प्रतींत काढा आणि एक घरी ठेवा. शेतातल्या पाट्यांवर विसंबू नका. उन्हाने शाई उडते, वाळवी कागद खाते आणि कोळपणी करणारा माणूस अडचण झाली म्हणून खुंटी उपटून बाजूला ठेवतो. हे तिन्ही मी एकाच हंगामात भोगलं आहे.

३. वाफा केवढा?

हाताने पेरायचं असेल तर ६ मीटर लांबीच्या ५ ओळी, दोन ओळींत ४५ सेंटीमीटर अंतर, एवढा वाफा पुरतो. पण मोजायचा तो सगळा नाही. कडेच्या दोन ओळी आणि दोन्ही टोकांचा अर्धा अर्धा मीटर सोडून द्यायचा. कडेच्या झाडाला उजेड जास्त मिळतो, किंवा शेजारच्या उंच वाणाची सावली पडते. ते झाड त्या वाणाबद्दल खरं सांगत नाही. उरतात मधल्या ३ ओळी, प्रत्येकी ५ मीटर, म्हणजे ६.७५ चौरस मीटर. ही निव्वळ जागा आणि उतारा फक्त तिचा.

यंत्राने पेरणी-काढणी असेल तर छोटे वाफे विसरा. यंत्राच्या रुंदीचे लांबच लांब पट्टे घ्या. तत्त्व तेच, गट आणि चिठ्ठीसकट.

४. बियाणं मोजून घ्या, तोलून नव्हे

या पायरीवर नवख्यांच्या निम्म्या चाचण्या फसतात आणि फसल्याचं त्यांना कळतही नाही, म्हणून जरा थांबून सांगतो.

दोन झाडांत ५ सेंटीमीटर अंतर हवं असेल तर ६ मीटरच्या ओळीत १२० झाडं बसतात. उगवण ८० टक्के असेल तर ओळीला १५० दाणे लागतील. आता समजा एका वाणाच्या १०० दाण्यांचं वजन १० ग्रॅम आहे, दुसऱ्याचं १४ ग्रॅम. बारीक दाण्याचे १५० दाणे भरतात १५ ग्रॅम. तुम्ही सरळपणे दोन्ही वाणांचे पंधरा पंधरा ग्रॅम तोलले, तर टपोऱ्या दाण्याच्या वाणाचे ओळीत पडले साधारण १०७ दाणे आणि उगवली ८६ झाडं. एकीकडे १२०, दुसरीकडे ८६. हंगाम संपल्यावर तुम्ही म्हणणार, टपोऱ्या दाण्याचा वाण कमी देतो. त्याने कमी दिलं असेलही, पण तुमच्या आकड्यावरून ते ठरत नाही.

म्हणून प्रत्येक वाणाची उगवण आधी तपासा. १०० दाणे मोजून ओल्या गोणपाटात किंवा जाड कागदात ओळीने मांडा, गुंडाळी करा, ओल टिकवा आणि आठवडाभराने धड कोंब किती आले ते मोजा. नुसता फुगलेला किंवा मोडक्या कोंबाचा दाणा धरायचा नाही. सोयाबीनच्या दाण्याचं साल पातळ आणि आतला अंकुर सालीला अगदी चिकटून असतो. पोतं उंचावरून आपटलं तरी उगवण घसरते. उष्ण, दमट जागेत साठवलं तर आणखी लवकर. सगळ्या वाणांचं बियाणं शक्यतो एकाच हंगामातलं घ्या. नव्या वाणाचं ताजं आणि जुन्याचं दोन वर्षांपूर्वीचं, असा सामना लावू नका.

पेरणी ३ ते ४ सेंटीमीटर खोल, सगळीकडे सारखी. मला विचाराल तर ओळीत थोडे जास्तच दाणे टाकावेत आणि उगवून आल्यावर विरळणी करून झाडसंख्या समान करावी. काम वाढतं, पण पुढचा सगळा संशय मिटतो.

५. पेरणीच्या तारखांची चाचणी

अमेरिकेत गार्नर आणि अ‍ॅलार्ड या दोन शास्त्रज्ञांनी 'बिलॉक्सी' नावाचं सोयाबीन वेगवेगळ्या तारखांना पेरलं. पेरणीत अनेक आठवड्यांचं अंतर होतं, तरी फुलं मात्र जवळपास एकाच वेळी आली. पीक आपलं वय मोजत नव्हतं, दिवसाची लांबी मोजत होतं. १९२०मध्ये त्यांनी हे मांडलं आणि प्रकाशकालाचा अभ्यास तिथून सुरू झाला.

तारखांची चाचणी घेणाऱ्याने ही गोष्ट डोक्यात ठेवावी. सोयाबीनला फुलायला रात्र मोठी लागते. उशिरा पेरलेल्या पिकाला कमी दिवसांतच फुलायचा इशारा मिळतो. खोडावर पेरं कमी येतात, झाड बुटकं राहतं, पानांचा पसारा जमिनीवर मिळून यायच्या आतच फुलोरा सुरू होतो. म्हणून तारखांच्या चाचणीत नुसता उतारा लिहून भागत नाही. निम्मी झाडं फुलावर यायला लागलेले दिवस, झाडाची उंची, पेरांची संख्या आणि सगळ्यात खालची शेंग जमिनीपासून किती वर आहे, एवढं लिहाच. घट का आली, ते या चार नोंदी सांगतात. वाण या इशाऱ्याला कमी-जास्त दाद देतात, त्यामुळे लवकरच्या पेरणीत पहिला आलेला वाण उशिरात मागे पडू शकतो.

दोन-तीन वाण घेऊन तारखा तपासायच्या असतील तर मांडणी बदला. आधी गटाचे मोठे तुकडे करा, एका तुकड्याला एक तारीख, चिठ्ठी टाकून. मग प्रत्येक तुकड्यात वाणांचे वाफे, पुन्हा चिठ्ठी टाकून. याला विभक्त वाफ्यांची मांडणी म्हणतात. एकेका वाफ्याला वेगळी तारीख देत बसलात, तर दुसऱ्या पेरणीच्या वेळी पहिल्या पेरणीची रोपं तुडवत फिराल.

तारखा आधी कॅलेंडरवर पक्क्या करा, दोन दिवस इकडेतिकडे चालेल एवढी सूट ठेवून. जमिनीत वाफसा नसेल तर थांबा, पण पेरणी झाली तो खरा दिवसच वहीत लिहा. सोयाबीन थंड मातीत रेंगाळतं; मातीचं तापमान १० अंश सेल्सियसच्या खाली असताना पेरलेलं बी उगवण्याआधी कुजायची भीती.

तारखांच्या चाचणीत दोन चोरवाटा आहेत. पहिली तणाची. सगळी जमीन एकाच दिवशी तयार केली, तर तिसऱ्या तारखेच्या वाफ्यात तोवर तण उगवलेलं असतं. प्रत्येक तारखेआधी त्या तुकड्याची हलकी मशागत नव्याने करा. दुसरी किडींची. लवकरच्या पेरणीवर वाढलेल्या किडी नंतर शेजारच्या कोवळ्या पिकावर उतरतात. उशिराच्या पेरणीचं नुकसान काही अंशी या शेजाराचंही असतं. तुकड्यांमध्ये मोकळा पट्टा सोडा आणि कीड कधी दिसली ते लिहून ठेवा.

एका वर्षात तारखेचा प्रश्न सुटत नाही, हेही सांगून टाकतो. दुसऱ्या तारखेनंतर पंधरा दिवस पावसाने डोळे वटारले, तर तो दोष तारखेचा की त्या वर्षाचा? किमान तीन हंगाम हवेत.

६. जमिनीचे उपचार

आधी माती परीक्षण. गटागटाने वेगळा नमुना घ्या: प्रत्येक गटात १०–१५ ठिकाणी नागमोडी फिरून, १५ सेंटीमीटर खोलीपर्यंत, सगळी माती एकत्र करून चार भाग करत करत अर्धा किलो उरेल तोवर. सामू (पीएच, मातीच्या आम्लतेचा आकडा) ६.०च्या बराच खाली असेल तर चुन्याची चाचणी घेण्यात अर्थ आहे. सामू ८ असलेल्या चुनखडीच्या जमिनीत चुना घालून बघणं म्हणजे निव्वळ मेहनत वाया. तिथे कोवळी पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडत असतील तर लोहाकडे बघा. चुना आणि जिप्सम यांची गल्लत नेहमी होते. चुन्याने आम्लता कमी होते. जिप्सम कॅल्शियम आणि गंधक देतं, आम्लता कमी करत नाही. चुन्याला मातीत काम करायला वेळ लागतो, म्हणून तो पेरणीच्या काही महिने आधी मिसळलेला बरा.

प्रत्येक वाफ्याचं खत घरी तोलून वेगळ्या पिशवीत भरा. आपला पूर्ण वाफा २.२५ × ६ म्हणजे १३.५ चौरस मीटर. हेक्टरी २ टन चुना म्हणजे चौरस मीटरला २०० ग्रॅम, वाफ्याला २ किलो ७०० ग्रॅम. हेक्टरी ६० किलो स्फुरद १६ टक्क्यांच्या सिंगल सुपर फॉस्फेटमधून द्यायचं तर ३७५ किलो खत, वाफ्याला साधारण ५०६ ग्रॅम.

इथेच एक सापळा आहे. सिंगल सुपर फॉस्फेट आणि डीएपी (डाय-अमोनियम फॉस्फेट) यांची तुलना करून लोक म्हणतात, अमुक खताचं स्फुरद जास्त लागू पडतं. पण सिंगल सुपरमध्ये गंधक आणि कॅल्शियमही असतं, डीएपीत नत्र असतं. फरक कशामुळे पडला? गंधक तपासायचं असेल तर दोन्ही वाफ्यांत स्फुरद आणि नत्र समान करा, मग एकात गंधक द्या. एका वेळी एकच गोष्ट बदला. बाकी सगळं, खुरपणीच्या तारखेसकट, सारखं ठेवा.

रायझोबियम, म्हणजे मुळांवर गाठी करून हवेतलं नत्र झाडासाठी बांधणारे जिवाणू; त्यांची बीजप्रक्रिया हा सुरुवातीला घ्यायला माझा सगळ्यात आवडता उपचार, कारण त्याचा परिणाम मुळावर डोळ्यांनी दिसतो. ज्या जमिनीत सोयाबीन कधीच घेतलेलं नाही तिथे फरक मोठा पडतो. वर्षानुवर्षं सोयाबीन घेतलेल्या जमिनीत जिवाणू आधीच मुक्कामाला असतात. तिथे फरक बारीक असतो आणि तो पकडायला पुनरावृत्त्या जास्त लागतात. बियाण्याला बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि शेवटी जिवाणू, हा क्रम पाळा. जिवाणू लावलेलं बी सावलीत सुकवून लगेच पेरा. जिवाणू चिकटवायला जे द्रावण वापराल, ते बिनजिवाणूच्या बियाण्यालाही लावा, नाहीतर द्रावणाचा परिणाम जिवाणूच्या नावावर जमा होईल. पेरणी मात्र बिनजिवाणूच्या वाफ्यांपासून सुरू करा. हात, टोपली, पेरणीयंत्र, सगळ्याला जिवाणू लागतात. दोन वाफ्यांमध्ये वरंबा घाला, कारण पावसाचं पाणी त्यांना शेजारी नेऊन सोडतं. आणि या चाचणीत नत्राचा हात आखडता ठेवा. मातीत आयतं नत्र मिळालं की झाड गाठी करण्याचा आळस करतं.

फुलोऱ्यात प्रत्येक वाफ्याच्या कडेच्या ओळीतली पाच झाडं फावड्याने मातीसकट उचला. उपटू नका, गाठी मातीतच राहतात. मुळं हलक्या हाताने धुवा, गाठी मोजा आणि दहाएक गाठी नखाने किंवा ब्लेडने कापून बघा. आत लालसर गुलाबी रंग असेल तर ती नत्र बांधतेय. पांढरी, राखाडी किंवा हिरवट निघाली तर नुसती भरती. वीस-पंचवीस टपोऱ्या लाल गाठी या शंभर पांढऱ्या गाठींपेक्षा मोलाच्या.

७. हंगामातली वही

रोज काही लिहायचं नसतं. उगवण झाल्यावर झाडसंख्या, निम्म्या फुलोऱ्याचा दिवस, कीड-रोग किती, पीक लोळलं का, पक्व झाल्याचा दिवस. पाऊस मात्र रोजचा. मोजमाप एकाच माणसाने करावं. दोघांनी केलं तर एकाने पूर्ण गट घ्यावा, अर्धा नाही. म्हणजे माणसामाणसातला फरक गटाच्या खात्यात जातो.

८. काढणी आणि ओलाव्याचा हिशोब

सगळे वाण एकाच दिवशी कापू नका. ज्याच्या ९५ टक्के शेंगांनी पक्वतेचा रंग धरला तो तयार. मग पाच-दहा दिवस सुकून दाणा वाजायला लागला की काढणी. लवकरचा वाण उशिराच्या वाणासाठी उभा ठेवलात, तर त्याच्या शेंगा तडकून दाणे मातीत जातील आणि दोष वाणाला लागेल. आधी कडेच्या ओळी आणि टोकं कापून शेताबाहेर न्या, मगच निव्वळ वाफ्याला हात लावा. प्रत्येक पोत्याच्या आत एक चिठ्ठी, बाहेर एक. बाहेरची हरवतेच.

मळणी करून वजन घेतलं की त्याच वेळी ओलावा मोजा. समजा निव्वळ वाफ्यातून १.६८ किलो दाणे निघाले आणि ओलावा १६ टक्के आहे. सगळ्या वाणांची तुलना एकाच ओलाव्यावर व्हावी म्हणून ते १३ टक्क्यांवर आणायचे:

१.६८ × (१०० − १६) ÷ (१०० − १३) = १.६२ किलो

निव्वळ जागा ६.७५ चौरस मीटर, म्हणून हेक्टरी साधारण २,४०० किलो, २४ क्विंटल. ओलावा न धरता हिशोब केला असता तर जवळजवळ २४.९ आले असते. ओल्या वाणाला फुकटचा पाऊण क्विंटलहून जास्त.

९. आकडे वाचताना

नुसती सरासरी बघू नका. दोन उपचारांची चाचणी झाली, चार गट होते, असं धरा. बिनउपचाराच्या वाफ्यापेक्षा पहिल्या उपचाराने गटागटात जादा दिलेले क्विंटल: १.८, २.१, १.४, १.९. दुसऱ्याने: ६.१, −१.२, ४.३, −२.०. दोन्हींची सरासरी १.८ येते. पण पहिला उपचार चारही ठिकाणी सारखाच वागला, दुसरा दोनदा जिंकला आणि दोनदा हरला. पहिल्यावर मी खर्च करीन, दुसऱ्यावर नाही.

हे मोजायचं असेल तर सरासरीला तिच्या प्रमाण त्रुटीने (गटागटातल्या आकड्यांचं प्रमाण विचलन भागिले गटांच्या संख्येचं वर्गमूळ) भागा. पहिल्या उपचारात भागाकार १२च्या आसपास येतो, दुसऱ्यात ०.९. चार गट असताना ९५ टक्के खात्रीसाठी तो ३.१८च्या वर जावा लागतो. वाण अनेक असतील तर विचरण विश्लेषण (एकूण फरकातला वाणांचा, गटांचा आणि योगायोगाचा वाटा वेगळा करणारा हिशोब) करावं लागतं; संगणकावर ते मिनिटांचं काम आहे. त्यातून जो क्रांतिक फरक, म्हणजे नुसता योगायोग नाही असं मानायला लागणारं किमान अंतर, निघतो, त्याच्यापेक्षा कमी अंतर असलेल्या दोन वाणांत पहिला-दुसरा लावत बसू नका. क्रांतिक फरक २ क्विंटल असेल तर २४.३ आणि २३.५ हे दोन्ही वाण तुमच्या दृष्टीने बरोबरीचे. मग कोणता घ्यायचा ते न लोळण्यावर, रोगावर किंवा पक्वतेच्या दिवसांवर ठरवा.

एखादा वाफा गाईने खाल्ला किंवा पाण्यात गेला, तर तो रिकामा सोडा आणि कारण लिहा. अंदाजाने आकडा भरू नका. मात्र केवळ उतारा कमी आला म्हणून वाफा गाळायचा नाही. गाळायचं कारण उतारा मोजण्याच्या आधीचं असलं पाहिजे.

१०. दुसरं वर्ष

वाणांची चाचणी दुसऱ्या वर्षी शेजारच्या तुकड्यात न्या, चिठ्ठ्या नव्याने टाका. तळाचे वाण काढा, तुलना वाण तोच ठेवा. चुन्याच्या वाफ्यांचं उलट आहे: ते त्याच जागी, त्याच खुंट्यांवर राहू द्या, कारण चुन्याचा परिणाम पहिल्या पिकात संपत नाही. खुंट्या हलू नयेत म्हणून बांधावरच्या एखाद्या न हलणाऱ्या दगडापासून टेपने अंतरं मोजून वहीत लिहा. दोन हंगाम टिकलेले एक-दोन वाण तिसऱ्या वर्षी मोठ्या पट्ट्यांत पेरा, नेहमीच्या यंत्राने, नेहमीच्या माणसांकडून, दर दोन पट्ट्यांमध्ये तुलना वाणाचा एक पट्टा घालून. छोट्या वाफ्यात हाताने वेचलेला दाणा न् दाणा मोजला जातो; मोठ्या पट्ट्यात तडकलेल्या शेंगा आणि यंत्राखाली राहिलेली जमिनीलगतची शेंग वजा होऊन उतारा हातात येतो.